फुलामागचा माळवा

फाल्गुनात देवासहून कोणत्याही रस्त्यानं बाहेर पडलं की बांधाबांधावर पळस फुललेला दिसतो. पानं गळून गेलेली, काळसर मखमली कोशांतून निघालेल्या केशरी पाकळ्या, वर माळव्याचं कोरडं निळं आकाश. माणूस थांबतो, मोबाइल काढतो, फोटो घेतो. घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला की फुलाबरोबर आणखी बरंच काही दिसू लागतं: तिरकी गेलेली विजेची तार, कुणाच्या तरी शेतातला निळा पाइप, जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्कीचा पांढरा खांब. झाडासमोर उभं असताना यातलं काहीही खटकलेलं नसतं.

याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर अगदी स्पष्ट दिसणारा भाग फक्त दोनेक अंशांचा असतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. बाकीचं दृश्य अंधूकच असतं, आणि आपल्याला हवं तेवढंच मेंदू पुढे घेतो. शिवाय दोन डोळ्यांमुळे फूल जवळ आहे आणि खांब दूर आहे, हे न सांगता कळतं. फोटोत ही दोन्ही साधनं जातात. फूल आणि खांब एकाच सपाट कागदावर शेजारी-शेजारी येतात, आणि पाहणाऱ्याची नजर तिच्या सवयीप्रमाणे फिरू लागते.

त्या सवयी ठरलेल्या आहेत. नजर आधी उजळ जागेकडे जाते. मग जिथे काळं आणि पांढरं एकमेकांना भिडतं तिथे, मग रेखीव कडांकडे, मग भडक रंगाकडे. माणसाचा चेहरा असेल तर तो सगळ्यांच्या आधी नजर ओढतो, आणि अक्षरं असतील तर ती वाचल्याशिवाय राहवत नाही. फुलाच्या फोटोचं एडिटिंग करायला बसताना ही यादी डोक्यात असली की अर्धं काम झालं. मागची कोणती गोष्ट त्रास देते आहे आणि कशामुळे, हे आधी ओळखायचं. मग तेवढंच कमी करायचं. मागचं सगळं खरवडून काढावं, अशी आज अनेकांची घाई असते. मला ती पटत नाही. धार-देवासच्या फुलाच्या मागे माळवा असायलाच हवा. फक्त त्यानं फुलाच्या आधी बोलू नये.

हा प्रश्न या भागाला नवा नाही. धार जिल्ह्यातल्या मांडूत १४३९ साली लिहिलेली कल्पसूत्राची एक सचित्र पोथी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पश्चिम भारतीय जैन चित्रशैलीतली ती पोथी. या शैलीतले चित्रकार आकृत्यांमागे लाल किंवा निळ्या रंगाचा सपाट पट्टा भरत. मागे पाहण्यासारखं काही ठेवतच नसत, त्यामुळे आकृतीची धारदार रेषा लगेच नजरेत भरते. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत याच मांडूत 'निमतनामा' तयार झाला. सुलतान घियास शाहच्या काळात सुरू झालेला आणि त्याचा मुलगा नासिर शाहच्या काळात पुरा झालेला हा पाककृतींचा आणि सुगंधी द्रव्यांचा ग्रंथ आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या पन्नास चित्रांपैकी अनेकांत जमीन गवताच्या आणि फुलांच्या छोट्या झुबक्यांनी गच्च भरलेली दिसते. स्वयंपाकिणी, भांडी, चुली आणि मागे फुलंच फुलं. तरीही मिशाळ सुलतान शोधावा लागत नाही.

मला या चित्रांत फुलांच्या छायाचित्रकारासाठी मोठा धडा दिसतो. निमतनाम्यातले झुबके जवळपास एकाच आकाराचे, एकाच वजनाचे आणि सारख्या अंतरावर आहेत. त्यांतला एकही शेजारच्यापेक्षा उजळ नाही. सारखी पुनरावृत्ती असली की नजर तिच्यावरून घसरत पुढे जाते. ती अडते वेगळ्या पडलेल्या एकट्या गोष्टीवर. म्हणजे मागे गर्दी असणं हा दोष नाही. गर्दीतली एखादीच गोष्ट वेगळी पडणं हा दोष आहे. पळसामागे हजार फांद्या चालतात, पण एक पांढरा खांब चालत नाही.

कल्पसूत्राच्या वाटेनं गेलेलेही पुष्कळ आहेत. जहांगीर बादशहा १६१७ च्या पावसाळ्यात मांडूत राहिला होता आणि तिथल्या हिरवाईचं त्यानं आपल्या आठवणींत भरभरून कौतुक केलं आहे. त्याच्या पदरी असलेल्या चित्रकार मन्सूरनं काश्मिरातली फुलं रंगवली ती कोऱ्या जमिनीवर. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्टनं वनस्पतींचे अवयव साध्या करड्या-पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून त्यांचे फोटो घेतले. त्याचं पुस्तक १९२८ सालचं. अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅमनं १९२५ च्या सुमारास मॅग्नोलियाचं फूल इतक्या जवळून टिपलं की मागे जागाच उरली नाही. दोन्ही उपाय आजही कामाचे आहेत. खिशात करड्या कार्डाचा तुकडा ठेवावा, किंवा फुलात शिरावं. पण त्यांनी फूल कुठलं होतं हे कळत नाही, आणि प्रत्येक वेळी आपल्याला तसं चालत नाही.

एडिटिंगवर येण्याआधी भिंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जे काम कॅमेऱ्यानं करायचं ते संगणकावर करायला गेलं की फोटो बनावट दिसू लागतो. मागचं किती धूसर होईल यासाठी एक नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. भिंगातून प्रकाश आत येण्याचं जे भोक, त्याचा व्यास काढायचा: फोकल लेंथ भागिले एफ-आकडा. खूप दूरचा एखादा प्रकाशाचा ठिपका फोटोत फुलाशेजारी जेवढा पसरलेला दिसेल, तो फुलाच्या मापानं बरोबर त्या व्यासाएवढा असतो. १०० मिलिमीटरचं भिंग एफ/४ वर ठेवलं तर व्यास २५ मिलिमीटर. पळसाचं फूल पाचेक सेंटिमीटर लांब धरलं तर दूरच्या फांद्यांतून डोकावणारा आभाळाचा कवडसा त्या फुलाच्या निम्म्या लांबीची मऊ चकती होऊन विरघळतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटर आणि एफ-आकडा १.८ च्या आसपास. म्हणजे भोक साडेतीन मिलिमीटर. तोच कवडसा मोबाइलमध्ये साडेतीन मिलिमीटरचाच पसरतो, आणि मागची प्रत्येक काडी ओळखू येते. मोबाइल स्वस्त असो की महाग, ही मर्यादा भोकाच्या आकाराची आहे.

मागची वस्तू जवळ असेल तर एवढाही फायदा मिळत नाही. कॅमेरा फुलापासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि मागची फांदीही फुलाच्या ३० सेंटिमीटर मागे असेल, तर वरच्या पसरण्यातलं निम्मंच मिळतं. फांदी २.७ मीटर मागे असेल तर ९० टक्के मिळतं. त्यापुढे कितीही दूर गेलं तरी फरक किरकोळ. म्हणून फूल निवडताना त्याच्यामागे किती मोकळी जागा आहे हे आधी बघावं. कॅमेऱ्यापासून फुलापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या आठ-नऊपट मागे रिकामं असेल तर भिंगाला जेवढं करता येतं तेवढं ते करेल. मोबाइलमध्ये दोन-तीनपट जवळ आणणारा वेगळा कॅमेरा असेल तर दोन पावलं मागे सरून तो वापरावा. त्याचा कोन अरुंद असल्यामुळे मागचा फार थोडा प्रदेश चौकटीत येतो, आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तरी पवनचक्की बाहेर जाते.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. बरोबरच्या माणसाला सांगून फुलामागच्या पानांवर छत्रीची सावली पाडायची. फूल उन्हात आणि मागचं सावलीत. ही तफावत एडिटिंगमध्ये कमावायला गेलं तर ठरावीक भाग वेगळा काढणाऱ्या मास्कशी तासभर झटावं लागतं. देवास जिल्ह्यात पावसाळ्यात मैलोनमैल सोयाबीन असतं, पण त्याचं फूल कितीजणांनी पाहिलं आहे? पानाच्या बेचक्यात लपलेलं, जांभळं किंवा पांढरं, सेंटिमीटरभरही नाही. त्याचा फोटो काढताना चौकटीत नव्वद टक्के हिरवी पानंच येतात. तिथे ही छत्री कामाला येते.

आता तो पळसाचा फोटो संगणकावर किंवा मोबाइलवर उघडू या. पैसे मोजायचे नसतील तर मोबाइलवर स्नॅपसीड, संगणकावर डार्कटेबल आणि गिंप ही मोफत साधनं या कामाला पुरेशी आहेत. लाइटरूम-फोटोशॉप असेल तर सोय जास्त, तत्त्व तेच.

पहिला अडथळा मागचा नाहीच, तो फुलातच आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगीत गाळण्यांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावानं ती ओळखली जाते आणि तिचं पेटंट १९७६ सालचं. तिच्यात निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लाल आणि पाव निळे. पळसाचं केशरी-लाल फूल उन्हात असलं की लाल ठिपके काठोकाठ भरतात, हिरवे-निळे जवळजवळ रिकामे राहतात. कॅमेऱ्याला एकूण प्रकाश ठीक वाटतो, पण लाल रंगातले सगळे बारकावे गेलेले असतात आणि पाकळी कापून चिकटवलेल्या कागदासारखी सपाट दिसते. अशा सपाट फुलाकडे नजर टिकत नाही, मग ती मागे भटकते. म्हणून फोटो घेतानाच एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवावं, शक्य असेल तर रॉ फाइल घ्यावी आणि एडिटिंगमध्ये लाल-केशरीचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी किंचित उतरवावं. शिरा आणि पाकळीवरची बारीक लव परत दिसू लागते. फूल भक्कम झालं की मागच्यावर निम्माच हात चालवावा लागतो.

मग क्रॉप. चौकटीच्या कडा आधी तपासाव्यात, कारण बहुतेक लुडबूड तिथूनच आत येते: अर्धी फांदी, तारेचं टोक, दुसऱ्या फुलाचा तुकडा. कडेला कापलेली उजळ वस्तू नजरेला फोटोबाहेर ओढून नेते. क्रॉपनं जे जातं त्यासाठी दुसरं काहीही करू नये.

त्यानंतर उजेड. क्रम मी मुद्दाम असा ठेवतो: आधी उजेड, मग रंग, मग कडांचा रेखीवपणा, आणि ब्लर सगळ्यांत शेवटी, तोही गरज असेल तरच. पुष्कळ लोक उलट करतात, थेट ब्लरवर जातात. पण उजळ डाग धूसर केला तरी तो उजळच राहतो. फक्त मोठा होतो. तोच डाग आजूबाजूच्या सरासरी उजेडाइतका खाली आणला तर रेखीव असूनही तो गप्प बसतो. खात्री करायची असेल तर फोटो तात्पुरता कृष्णधवल करून पाहावा. रंग काढल्यावर सर्वांत उजळ किंवा सर्वांत ठसठशीत जागा फूल नसेल, तर दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे दिसतं. डोळे किलकिले करून पाहणं, फोटो उलटा करणं किंवा टपाल तिकिटाएवढा लहान करून पाहणं, यांनीही तेच साधतं.

कृष्णधवलचा विषय निघाला म्हणून सांगतो. देवास आणि धार यांच्या मध्ये इंदूर आहे, आणि लाला दीनदयाळ यांचं छायाचित्रण १८७० च्या दशकात इंदुरातच सुरू झालं. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड जास्त दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं. त्या प्लेटवर पळस टिपला असता तर फुलं काळी आणि मागचं आकाश निव्वळ पांढरं आलं असतं. पार्श्वभूमी आपोआप साफ, पण फुलाचा जीव गेलेला. आज प्रत्येक रंगाचा उजेड आपण स्वतंत्रपणे वर-खाली करू शकतो. पळसाच्या फोटोत निळ्या रंगाचा ल्युमिनन्स उतरवला की आकाश गडद होतं आणि केशरी पुढे येतं. हा स्लायडर एका वेळी थोडाच सरकवावा. जास्त ओढला तर आकाशात पट्टे आणि कण उमटतात, आणि डहाळ्यांच्या भोवती पांढरी किनार दिसते.

पवनचक्कीचं काय करायचं? ती पुसता येते. आजची साधनं एका स्पर्शात पुसतात. पण देवासच्या टेकड्यांवर त्या आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी पळस फुलतो, हे खरं आहे. मी तिचा पांढरेपणा मागच्या आभाळाच्या जवळ आणतो, कॉन्ट्रास्ट आणि टेक्स्चर उणे करतो. मग ती दूरच्या टेकडीइतकी मवाळ होते. पाहणाऱ्याला दुसऱ्या नजरेत दिसली तर बरंच आहे.

पावसाळ्यात रंगांचा तोल बदलतो. आषाढात धार जिल्ह्याचा घाट उतरून निमाडाकडे निघालं की सगळीकडे हिरवं, आणि मोबाइलचा कॅमेरा ते आणखी पिवळट-भडक करतो. माणसाच्या डोळ्याला हा पिवळट हिरवा सर्वांत उजळ वाटतो, त्यामुळे पानं फुलावर चढाई करतात. इथे हिरव्याचा आणि पिवळ्याचा ल्युमिनन्स आणि सॅच्युरेशन दोन्ही उतरवावं, आणि हिरव्याची छटा पिवळ्यापासून थोडी निळ्याकडे सरकवावी. थंड रंग मागे सरल्यासारखा वाटतो, उबदार पुढे येतो. फूलच पिवळं असेल तर पिवळ्याला हात लावायचा नाही. फूल मास्कनं वेगळं करून फक्त मागच्यावर हे सगळं करायचं. मनावर-कुक्षीकडच्या कपाशीत आणखी एक गंमत असते. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर दोन्ही. पिवळं टिपलं तर मागचं गुलाबी नजर खातं. पण ते पुसलं तर कपाशीची ओळखच पुसली जाते. त्या गुलाबीचा उजेड आणि रंग एक पायरी खाली आणून ते ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

आता मांडू. मांडूत गेलेल्या कोणालाही बुटक्या, फुगीर खोडांची ती गोरखचिंचेची झाडं विसरता येत नाहीत. तिथे त्यांना मांडूची चिंच किंवा खुरासानी इमली म्हणतात, आणि त्यांची मोठी फळं रस्त्याच्या कडेला विकायला असतात. मूळ आफ्रिकेतलं हे झाड, तिथलं बाओबाब. त्याचं फूल फार कमी लोकांच्या कॅमेऱ्यात आहे, कारण ते संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळांसाठी उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून तपकिरी पडतं. लांब देठावर खाली लोंबणारं, हाताच्या पंजाएवढं, पाच पांढऱ्या मागे वळलेल्या पाकळ्या आणि मधून लोंबणारा पुंकेसरांचा मोठा गोंडा.

या फुलाचा फोटो फ्लॅशनं घेतला तर पार्श्वभूमीचा प्रश्न मिटलेलाच असतो. प्रकाश अंतराच्या वर्गानं घटतो. फूल फ्लॅशपासून अर्ध्या मीटरवर आणि मागची भिंत पाच मीटरवर असेल तर भिंतीवर फुलाच्या तुलनेत शंभरावा भाग उजेड पडतो. फोटोत ती काळीच येते. काळ्यावर पांढरं फूल, नजरेला दुसरीकडे जायला जागा नाही. तरीही असे फोटो मला अपुरे वाटतात. हे फूल सांजेला उमलतं, आणि त्या वेळी मांडूवर निळसर उजेड रेंगाळत असतो, दगडी कमानी पूर्ण काळ्या झालेल्या नसतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर सावकाश करावं आणि फ्लॅश अगदी हलका मारावा. मागचा निळा उजेडही थोडा फोटोत येतो. तो एडिटिंगमध्ये फुलापेक्षा तीन-चार स्टॉप खाली ठेवला तर कमान ओळखू येते आणि आड येत नाही. गोंड्यातले शेकडो पुंकेसर एका फोटोत सगळे स्पष्ट येत नाहीत. अॅपर्चर म्हणजे भिंगाचं भोक लहान करून ते स्पष्ट करायला गेलं तर मागची भिंतही स्पष्ट होते. त्यापेक्षा उघड्या अॅपर्चरवर फोकस थोडाथोडा पुढे सरकवत अनेक फोटो घ्यावेत आणि ते एकत्र रचावेत. फूल पूर्ण स्पष्ट, मागचं विरलेलं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. वारा पडलेला असला तरच ते जमतं.

पांढऱ्या फुलाची आणखी एक अडचण दिवसा येते. मागे फांद्यांतून दिसणारं आभाळ पूर्ण पांढरं झालेलं असतं. हायलाइटचा स्लायडर खाली ओढला की ते पांढरं करडं होतं आणि मळकट दिसतं, कारण तिथे माहितीच उरलेली नसते. अशा ठिकाणी शेजारच्या पानांचा रंग क्लोन ब्रशनं, अपारदर्शकता वीस-तीस टक्के ठेवून, हलक्या हातानं दोन-चार वेळा फिरवावा. भोक बुजतं, पण पान रंगवल्यासारखं दिसत नाही.

देवासच्या टेकडीवर मात्र यातलं काहीच चालत नाही. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, मोठी माता आणि छोटी माता. आणि खाली-वर झेंडूच्या माळांचे ढीग. ढिगातल्या एका झेंडूला वेगळं काढायचं तर त्याच्यामागेही झेंडूच. मागचं ब्लर केलं तर केशरी चिखल होतो. इथे निमतनाम्याची रीत उपयोगी पडते: ढीग ढीगच राहू द्यायचा, सारखा आणि भरलेला. फक्त ज्या फुलावर फोकस आहे त्याच्यावर गोल मास्क टाकून उजेड पाव-अर्धा स्टॉप वाढवायचा आणि बाकीच्यांचा तेवढाच उतरवायचा. मग वेगळं पडलेलं शोधायचं. बहुधा ती निळी प्लास्टिकची पिशवी असते, किंवा नाण्याची चमक, किंवा अगरबत्तीच्या पुड्यावरची अक्षरं. केशरीसमोर निळा सर्वांत जास्त ओरडतो, कारण रंगचक्रावर तो बरोबर समोर आहे. चौकटीत दुसरं काहीच निळं नसेल तर मास्कचीही गरज नाही: निळ्याचं सॅच्युरेशन शून्याजवळ आणलं की पिशवी करडी होऊन ढिगात मिसळते. अक्षरं मात्र वाचता येणार नाहीत इतकी पुसट करावीच लागतात.

स्नॅपसीडमध्ये या कामासाठी 'सिलेक्टिव्ह' हे साधन आहे. एका जागी ठिपका ठेवायचा, दोन बोटांनी त्याचा घेर कमी-जास्त करायचा, आणि मग उजेड, कॉन्ट्रास्ट किंवा सॅच्युरेशन बदलायचं. ते त्या ठिपक्याखालच्या रंगासारखा रंग घेरात शोधतं आणि तेवढ्यावरच काम करतं, त्यामुळे पाकळीची कड बोटानं गिरवत बसावी लागत नाही.

कड हीच खरी परीक्षा आहे. मागचं गडद करताना मास्कची किनार किती मऊ ठेवायची हे फुलाच्या त्या जागेच्या धारेवर ठरवावं. पाकळी जिथे स्पष्ट आहे तिथे किनार अरुंद, जिथे फोकसबाहेर मऊ होत गेली आहे तिथे रुंद. सगळीकडे एकच माप ठेवलं तर कुठे फुलाभोवती पांढरं वलय उमटतं, कुठे गडदपणा पाकळीवर सांडतो. दोनशे टक्के मोठं करून एकदा सगळी कड फिरून पाहावी. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड इथेच फसतो. तो कॅमेऱ्यांच्या थोड्याशा वेगळ्या कोनांवरून किंवा शिकवलेल्या अंदाजावरून कोणती जागा किती दूर आहे याचा नकाशा बनवतो आणि त्यानुसार मागचं धूसर करतो. चेहऱ्याला ते जमतं. पण पुंकेसर, काटे, पळसाच्या पाकळीची उन्हात चमकणारी लव यांच्यासाठी तो नकाशा फार जाडाभरडा असतो. गोंड्यातले निम्मे केसर मागच्या धुक्यात गडप होतात, आणि दोन पाकळ्यांमधली फट मात्र स्पष्टच राहते. हा मोड वापरायचाच असेल तर ब्लरचा आकडा निम्म्याखाली आणावा. बहुतेक मोबाइलमध्ये तो फोटो घेतल्यावरही बदलता येतो.

हातानं ब्लर द्यायचा झाला तर तो अंतराप्रमाणे वाढत जायला हवा. फुलाला लागून असलेलं पान जवळजवळ स्पष्ट, हातभर मागचं थोडं पुसट, दूरची टेकडी पूर्ण मऊ. ज्या देठावर फूल आहे तो देठ एका जागी अचानक धूसर झाला की डोळ्याला लगेच कळतं. आणि ब्लर केलेल्या भागातले कॅमेऱ्याचे कण नाहीसे होतात, तर फुलावर ते शिल्लक असतात. मागच्यावर थोडे कण परत टाकले नाहीत तर फूल वेगळं कापून ठेवल्यासारखं दिसतं.

हा फोटो कुठे जाणार आहे, यावर किती हात चालवायचा ते ठरतं. भिंतीवर लावायचा असेल तर मर्जी आपली. निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धेत पाठवायचा असेल तर आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ फियाप आणि फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका यांच्या नियमांप्रमाणे क्रॉप सोडून दुसऱ्या कोणत्याही रीतीनं चित्रातली वस्तू काढून टाकता, हलवता किंवा बदलता येत नाही. उजेड-रंगाचा तोल साधता येतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर नोंद म्हणून द्यायचा असेल तर मागचं अजिबात लपवू नये. पानाची ठेवण, खोडाची साल, जमीन काळी की मुरमाड, झाड बांधावर होतं की ओढ्याकाठी, यावरून जाणकार वनस्पती ओळखतात. एकच फूल दोनदा टिपावं, एकदा नोंदीसाठी आणि एकदा डोळ्यांसाठी, हे सोयीचं पडतं.

छपाईचं एक सांगायचं राहिलं. पडद्यावर मागचं गडद, शांत आणि तरीही भरलेलं दिसतं, ते कागदावर बहुतेक वेळा नुसतं काळं होतं, कारण पडदा स्वतः उजळतो आणि कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. छापायला देण्याआधी पार्श्वभूमीच्या सावल्या थोड्या वर उचलाव्यात, फुलाला हात लावू नये, आणि आधी पोस्टकार्डाएवढी एक प्रत काढून दिवसा खिडकीजवळ पाहावी. मांडूची कमान त्या प्रतीत ओळखू आली, तर मोठी प्रत काढायला हरकत नाही.